परदेशातलं घर भाड्याने दिलंय? लांबून कारभार असा सांभाळा

परदेशातलं घर भाड्याने दिल्यावर दुरुस्तीपेक्षा उशीर जास्त महाग पडतो, हे मी पैसे भरून शिकले. भाडेकरूचा मेसेज आला तेव्हा माझ्याकडे मध्यरात्र होती. सिंकखालच्या जोडातून पाणी येतंय, मेन वॉल्व्ह कुठे आहे, एवढंच त्याने विचारलं होतं. मी तो मेसेज सकाळी वाचला. वॉल्व्ह होता बाहेरच्या पॅसेजमध्ये, मीटरच्या कपाटात अगदी तळाशी, आणि हे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. तोवर सिंकखालच्या कपाटाचा तळ फुगला होता आणि पाणी लाकडी फ्लोअरिंगच्या खाली शिरलं होतं. जोड अर्ध्या तासात बदलून झाला, फ्लोअरिंगला तीन आठवडे गेले.

तेव्हापासून मी एकच धोरण ठेवलं आहे: जे निर्णय आपण झोपेत असताना घ्यावे लागतील, ते आधीच घेऊन लिहून ठेवायचे. खालच्या पायऱ्या त्याच हिशेबाने लावल्या आहेत.

१. भाडेकरू शोधण्याआधी कराचं मार्गी लावा

बहुतेक जण इथेच चुकतात, कारण पहिलं भाडं हातात येईपर्यंत कराचा विचारच होत नाही. घर ज्या देशात आहे, तो देश त्या भाड्यावर कर लावतो. आणि मालक परदेशी राहतो म्हटल्यावर अनेक देश तो कर भाड्यातूनच कापून घेतात. ब्रिटनमध्ये एजंटने मालकाच्या भाड्यातून मूळ दराने, म्हणजे सध्या 20 टक्के, कर कापायचा असतो. एजंट नसेल आणि भाडं आठवड्याला 100 पौंडांहून जास्त असेल, तर ही जबाबदारी थेट भाडेकरूवर येते. तिथल्या कर खात्याकडे आधी अर्ज करून मंजुरी घेतली, तर भाडं न कापता मिळतं. कर मग विवरणपत्र भरून द्यायचा.

कॅनडात एकूण भाड्यावर 25 टक्के कापले जातात, अमेरिकेत 30 टक्के. ‘एकूण’ हा शब्द नीट वाचा. कर्जाचं व्याज, दुरुस्ती, एजंटची फी, काहीही वजा न करता ही कपात होते. खर्च वजा जाता उरलेल्या रकमेवर कर भरण्याची सोय दोन्ही देशांत आहे, पण ती मागावी लागते. कॅनडात त्यासाठी ‘एनआर 6’ हा फॉर्म वर्षाच्या सुरुवातीला किंवा पहिलं भाडं येण्याआधी द्यायचा असतो.

तुम्ही राहता त्या देशातही हे उत्पन्न बहुधा दाखवावं लागेल. दोन्ही देशांत दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार असेल, तर एकीकडे भरलेल्या कराची वजावट दुसरीकडे मिळू शकते. त्यासाठी कर भरल्याचे दाखले जपून ठेवा. दोन्हीकडचे नियम कळणारा कर सल्लागार पहिल्या वर्षी तरी घ्याच. ती फी वाचवू नका.

२. मुखत्यारपत्र द्या, पण मोजकं

तुमच्या वतीने सही करायला तिथे कुणीतरी लागतं. सरसकट सगळे अधिकार देणारं कुलमुखत्यारपत्र मात्र देऊ नका. करारावर सही, वीज-पाण्याची जोडणी, ठरावीक रकमेपर्यंतची दुरुस्ती, एवढेच अधिकार नेमकेपणाने लिहा. घर विकण्याचा किंवा गहाण ठेवण्याचा अधिकार नाही, हे वाक्य स्पष्ट घाला आणि मुदतही टाका. दोन्ही देश 1961 च्या हेग अपोस्टिल करारात असतील, तर कागदाला दूतावासाच्या शिक्क्याऐवजी सहसा अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचं सरकारी प्रमाणपत्र, चालतं.

३. तिथला माणूस निवडा

एजंट नेमा किंवा ओळखीचं कुणी, पण भाडं गोळा करणं, दुरुस्तीचं काम देणं आणि त्या कामाचं बिल मंजूर करणं ही तिन्ही कामं एकाच हातात राहू देऊ नका. भाडं शक्यतो थेट तुमच्या खात्यात येऊ दे. त्यासाठी तिथल्या बँकेत खातं असलेलं बरं. भाडेकरूलाही सोपं जातं आणि दर महिन्याला चलन बदलण्याचा खर्च वाचतो.

एजंटला तीन प्रश्न विचारा. रिकाम्या घराचीही फी घेता का? दुरुस्तीच्या बिलावर तुमचं कमिशन किती? करार मोडायचा झाला तर किती दिवसांची नोटीस? उत्तरं लेखी घ्या. त्या भागातली कायद्याने सक्तीची नोंदणी किंवा परवाना त्याच्याकडे आहे का, हेही तपासा.

४. अनामत रक्कम स्वतःची समजू नका

लांबच्या मालकाकडून इथेही बऱ्याच चुका होतात, कारण आपण आपल्या ओळखीचे नियम तिकडे लावतो. इंग्लंडमधल्या नेहमीच्या भाडेकरारात अनामत मिळाल्यापासून 30 दिवसांत ती सरकारमान्य योजनेत नोंदवावी लागते. नाही नोंदवली, तर कोर्ट अनामतीच्या एक ते तीन पट रक्कम भाडेकरूला द्यायला लावू शकतं. घरात गॅस असेल तर दर 12 महिन्यांनी नोंदणीकृत तंत्रज्ञाकडून तपासणीही सक्तीची आहे. जर्मनीत अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याएवढी घेता येते, भाडेकरू ती तीन हप्त्यांत देऊ शकतो आणि मालकाने ती स्वतःच्या पैशांपासून वेगळी ठेवायची असते. तुमच्या घराच्या गावचे नियम वेगळे असतील. इंटरनेटवर मिळालेला करार तसाच वापरू नका. तिथल्याच माणसाकडून तपासून घ्या.

५. घराची फाइल तयार करा

यावर एक अख्खा दिवस घालवा. मेन वॉल्व्ह, विजेचा मेन स्विच, गॅसचा कॉक, गिझर किंवा बॉयलरचं मॉडेल लिहिलेली पट्टी, सगळ्या मीटरचे आकडे, यांचे फोटो काढा. वॉल्व्हचा फोटो नुसता जवळून नको. आधी दारातून, मग कपाट उघडून, मग जवळून असे तीन काढा, म्हणजे घाबरलेल्या माणसालाही तो सापडेल. खाली एक ओळ लिहा: ‘बंद करायला घड्याळाच्या दिशेने फिरवा’, पण आधी स्वतः फिरवून खात्री करा. वर्षानुवर्षं न फिरवलेला वॉल्व्ह अडकून बसतो, तसं असेल तर आत्ताच बदला. ही फाइल भाडेकरूला चावीबरोबरच द्या.

भाडेकरू येण्याआधी प्रत्येक खोलीचे तारखेसह फोटो काढून सामानाची यादी करा आणि त्यावर दोघांच्या सह्या घ्या.

६. दुरुस्तीची मर्यादा ठरवा

एक रक्कम ठरवा. त्या रकमेच्या आतलं काम तुम्हाला न विचारता व्हावं, वरच्या कामाला दोन कोटेशन यावीत. गळती, विजेचा धोका, थंडीत बंद पडलेलं हीटिंग आणि न लागणारं मुख्य दार यांना मर्यादा लागू नाही. आधी काम, मग फोन. प्लंबर आणि इलेक्ट्रिशियनचे नंबर फाइलमध्येच ठेवा. तीन महिन्यांच्या भाड्याएवढे पैसे तिथल्या खात्यात राखून ठेवा, म्हणजे परदेशातून रक्कम पोहोचायची वाट पाहत काम अडत नाही.

७. विमा बदला

स्वतः राहत असतानाचा घराचा विमा भाड्याच्या घराला सहसा चालत नाही. घरमालकांसाठीचा वेगळा विमा घ्या. बहुतेक पॉलिसींत घर ठरावीक दिवसांहून जास्त रिकामं राहिलं, बऱ्याचदा 30 किंवा 60, तर गळतीसारख्या नुकसानीची भरपाई बंद होते. तो आकडा शोधून कॅलेंडरमध्ये नोंदवा, कारण एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत एवढे दिवस सहज निघून जातात.

८. मधेमधे बघत राहा

वर्षातून दोनदा तपासणी करून घ्या, आधी सूचना देऊन आणि भाडेकरूच्या सोयीने. फोटोंऐवजी व्हिडिओ कॉल मागा. सिंकखाली, खिडकीच्या चौकटीच्या कोपऱ्यात आणि बाथरूमच्या छताकडे कॅमेरा न्यायला सांगा. ओल आधी तिथेच दिसते. भाडेकरूशी थेट ओळख ठेवा. त्याच्या तक्रारीला दिवसभरात उत्तर मिळत असेल, तर पुढची बारीक गळतीही तो लगेच कळवतो.

तो घर सोडेल तेव्हा सह्या झालेली यादी काढून फोटो ताडून बघा. वापराने होणारी साधी झीज अनामतीतून कापू नका. जे कापाल त्याचं बिल जोडा आणि बाकीचे पैसे तिथल्या कायद्याने दिलेल्या मुदतीत परत करा. चाव्या मोजून घ्या, मीटरचे आकडे पुन्हा टिपा, आणि पुढचा भाडेकरू येण्याआधी तो वॉल्व्ह एकदा कुणाकडून तरी फिरवून घ्या.