डब्लिनमध्ये रग्बी बघायचीय? शनिवारी १बीच्या ग्राउंडवर जा

आयर्लंडला नवीन आलेली आपली मंडळी रग्बी म्हटलं की देशाची टीम खेळते त्या अविवा स्टेडियमचं तिकीट शोधायला लागतात, मग ते मिळत नाही नाहीतर परवडत नाही आणि विषय तिथेच संपतो. मी तीन सीझन ऑल आयर्लंड लीगची, म्हणजे इथल्या क्लबांच्या लीगची, डिव्हिजन १बी (वरून दुसरी) बघतोय आणि मला मनापासून वाटतं रग्बी कळायची असेल तर इथेच या, कारण इथे तुम्ही दोरीला टेकून उभे असता आणि स्क्रम (दोन्हीकडचे आठ-आठ जण खांद्याला खांदा लावून एकमेकांना रेटतात तो) लागला की पोरांचे श्वाससुद्धा ऐकू येतात.

लीग १९९०-९१ ला सुरू झाली. आता पुरुषांच्या ५ डिव्हिजन आहेत, १ए, १बी, २ए, २बी, २सी, प्रत्येकात १० क्लब, प्रत्येकाशी एकदा घरच्या ग्राउंडवर एकदा त्यांच्याकडे, म्हणजे १८ मॅचेस. पगारी रग्बी लेन्स्टर, मन्स्टर, अल्स्टर, कॉनॉट या चार प्रांतांची, क्लबवाले नोकरी नाहीतर कॉलेज सांभाळून खेळतात, मधेच एखाद्या प्रांताच्या अकॅडमीतला पोरगा उतरतो आणि तो लगेच उठून दिसतो.

जायच्या आधी टेबल नक्की बघा, सगळी मजा त्यात आहे. जिंकलं की ४ पॉइंट, बरोबरी २, चार ट्राय (बॉल समोरच्यांच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवणं) केले तर १ बोनस, आणि ७ किंवा कमी फरकाने हरलं तरी १ बोनस. हे माहीत नव्हतं तेव्हा मला कळायचंच नाही की १० ने मागे असलेली टीम शेवटच्या मिनिटाला ३ पॉइंटची पेनल्टी किक का मारते, अरे हरणारच आहात ना! पण १० चे ७ झाले की एक पॉइंट खिशात, आणि एप्रिलमध्ये त्या एका पॉइंटवर कोण वर जाणार कोण खाली ते ठरतं. पहिला क्लब थेट १एमध्ये, त्याच्या खालच्यांना प्लेऑफ, तळाचा २एमध्ये. नऊ वेळा लीग जिंकलेला लिमरिकचा शॅननसुद्धा इथे उतरलाय, आणि २०२५ मध्ये टिपररीतल्या छोट्या गावाचा नीना ऑर्मंड इथूनच वर चढला. क्लब असे वरखाली होतात म्हणून यंदा १बीत कोण आहे ते आधी चेक करा.

मॅचेस साधारण ऑक्टोबर ते एप्रिल, बहुतेक शनिवारी दुपारी अडीचला, मधे सिक्स नेशन्स या सहा देशांच्या स्पर्धेमुळे गॅप पडतो. डब्लिनकरांसाठी ओल्ड वेस्ली क्लबचं डॉनीब्रूकचं ग्राउंड सोपं, ब्लॅकरॉक क्लबच्या स्ट्रॅडब्रूक ग्राउंडला डार्टने (लोकल ट्रेनने) सीपॉइंटला उतरून चालत जाता येतं, आणि ट्रिनिटी कॉलेजवाले, १८५४ पासूनचा क्लब, चक्क शहराच्या मधोमध कॉलेज पार्कात खेळतात. चिखलात चालतील असे बूट घाला, छत्री नको, वाऱ्यात उलटते, टोपीवालं जॅकेट घ्या.

पहिल्यांदा बघताना बॉलमागे डोळे पळवू नका. ९ नंबरवर लक्ष ठेवा, ढिगातून बॉल तोच काढतो आणि पुढे काय होणार ते त्याच्या मानेवरून कळतं. रेफरीने शिट्टी का मारली ते नाही कळलं तर शेजारच्या आजोबांना विचारा. इथे अशा जुन्या क्लबकरांना ॲलिकाडू म्हणतात, ते दुसरा हाफ संपेपर्यंत तुम्हाला समजावत राहतील, खूप प्रेमाने, मी सगळं त्यांच्याकडूनच शिकलो.

खेळायचं असेल तर मॅचनंतर क्लबहाउसमध्ये सरळ सांगा. बहुतेक क्लबच्या पहिल्या टीमखाली दोन-तीन टीम असतात, तिथे तिशीतला नवखा माणूसही चालतो, ट्रेनिंग बऱ्याच ठिकाणी मंगळवार-गुरुवार संध्याकाळी. मुलांसाठी वीकेंडला सकाळी मिनीज, म्हणजे छोट्यांची रग्बी, असते. आपल्यातल्या कबड्डीवाल्यांना टॅकल, म्हणजे बॉलवाल्याला धरून पाडणं, पटकन जमतं, कमरेत घुसायची भीती गेलेली असते, फक्त डोकं कुठल्या बाजूला ठेवायचं ते कोचकडून नीट शिकून घ्या, समोरच्याच्या पुढे डोकं गेलं की मानेला मार बसतो. पहिल्या दिवशी स्टड्सवाले बूट आणि तोंडातलं गमशील्ड न्या, आणि गमशील्ड आदल्या रात्रीच गरम पाण्यात बुडवून दातांवर बसवून घ्या.