कॅमेरा लाइव्ह करताना या चुका टाळा

घरच्या वायफायवर कॅमेऱ्याचं चित्र झकास दिसतं, बाहेर पडलं की नुसता काळा पडदा. मग घाईघाईत राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून थेट कॅमेऱ्यापर्यंत वाट उघडणं) केलं जातं आणि तेही चाललं नाही की कॅमेरा सरळ डीएमझेडमध्ये, म्हणजे सगळे पोर्ट बाहेरच्यांना उघडे. कुलूप उघडत नाही म्हणून दारच उचकटायचं, तसला हा प्रकार.

आधी राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (राउटरला इंटरनेट कंपनीकडून मिळालेला पत्ता) बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलाय. अशा वेळी पोर्ट उघडून काहीच हाती लागत नाही. आणि सीजीनॅट नसेल, तर उघडलेल्या पोर्टातून तुमच्याबरोबर इतरही आत येतात. इंटरनेटला जोडलेली उपकरणं शोधणारी शोडानसारखी सर्च इंजिनं २००९पासून असे उघडे पोर्ट टिपतायत. २०१६ साली मिराई या मालवेअरने कारखान्यातून आलेले साठेक यूजरनेम-पासवर्ड वापरून कॅमेरे आणि राउटर लाखांनी ताब्यात घेतले होते.

पासवर्ड बदलला, आता निर्धास्त? थांबा. काही कॅमेऱ्यांत वेबपान पासवर्ड मागतं, पण आरटीएसपी स्ट्रीम (कॅमेऱ्याचं थेट चित्र, बहुधा पोर्ट ५५४) न विचारताच सुरू होते. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये स्ट्रीमची लिंक यूजरनेम-पासवर्डशिवाय टाकून बघा. चित्र आलं, तर सेटिंगमध्ये आरटीएसपी ऑथेंटिकेशन चालू करा. राउटरमधलं यूपीएनपी (उपकरणांना आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय) हेही बंद करा, नाहीतर कॅमेरा तुमच्या नकळत स्वतःच पोर्ट उघडून बसतो.

फक्त स्वतःला बघायचं असेल तर वायरगार्डसारखा व्हीपीएन (घरच्या नेटवर्कपर्यंतचा कुलूपबंद खासगी मार्ग) लावा. सीजीनॅट असेल तर मध्ये भाड्याचा एखादा सर्व्हर लागेल. जगाला दाखवायचं असेल तर कॅमेऱ्याने आरटीएमपीने (चित्र सर्व्हरला पाठवायची पद्धत) स्ट्रीमिंग सर्व्हरकडे चित्र ढकलावं आणि लोकांनी ते तिथूनच बघावं. कॅमेऱ्याचा पत्ता कोणालाच कळायला नको.

चित्र अडखळत असेल तर कॅमेऱ्याला दोष देण्याआधी अपलोड स्पीड मोजा. जाहिरातीतला आकडा बहुधा डाउनलोडचा असतो. १०८० पिक्सेलच्या स्ट्रीमला साधारण ४ एमबीपीएस अपलोड सतत लागतो. तेवढा नसेल तर बिटरेट (दर सेकंदाला पाठवला जाणारा डेटा) उतरवा, ७२० वर या. कीफ्रेम (स्ट्रीममधलं पूर्ण चित्र) दर २ सेकंदांनी ठेवा. फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेटचं तर सगळ्यांना माहीत असतं, करत मात्र कोणी नाही.

सगळं झालं की फोनचं वायफाय आणि व्हीपीएन बंद करून मोबाइल डेटावरून तीच आरटीएसपी लिंक, कॅमेऱ्याच्या पत्त्याजागी घरचा सार्वजनिक आयपी टाकून, लावून बघा. यावेळी काळा पडदाच दिसायला हवा.