गावातली साथ वहीत उतरवताना या चुका टाळा

फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती-अचलपूरकडे कोरोनाचे रुग्ण वाढू लागले, तेव्हा जिल्ह्याचा आकडा रोज मोबाइलवर येत होता. आपल्या पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) पंधरा-वीस गावांत काय चाललंय, हे त्यातून कळत नव्हतं. त्यासाठी गावपातळीची वेगळी वही लागते. पुढची साथ कोणतीही असो, ही वही चुकते ती ठरलेल्या जागीच.

मृत्यू जिथे झाला, तिथला माणूस धरणे

सगळ्यात मोठा घोळ इथे होतो. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार मृत्यूची नोंद होते ती मृत्यू झाला त्या ठिकाणी, माणूस राहत होता त्या ठिकाणी नव्हे. यवतमाळच्या केळापूर तालुक्यातला रुग्ण नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयात दगावला, तर दाखला नागपूर महानगरपालिकेचा निघतो. पाटणबोरीकडचा माणूस आदिलाबादला किंवा सिरोंच्याचा वरंगलला दगावला, तर ती नोंद राज्याबाहेरच गेली. ग्रामसेवकाच्या रजिस्टरात मात्र गाव अगदी शांत दिसतं. उलट नागपूरच्या आकड्यात मध्य प्रदेशातल्या बैतूल, छिंदवाडा, बालाघाटचेही रुग्ण असतात, त्यामुळे तो आकडा नुसत्या शहराचा मानता येत नाही.

म्हणून एका रजिस्टरावर विसंबू नका. ग्रामपंचायतीचं मृत्यू रजिस्टर, आशाताईंची घरभेटीची वही आणि गावात झालेल्या तेरव्या, या तिन्ही याद्या दर महिन्याला शेजारी ठेवून जुळवा. माणूस कुठेही गेलेला असो, तेरवी बहुतेक गावातच होते, आणि ती कोतवालाला किंवा पोलीस पाटलाला माहीत नाही असं होत नाही. प्रत्येक मृत्यूसाठी सात रकाने पुरतात: वय, राहण्याचं गाव, मृत्यूचं ठिकाण, मृत्यूची तारीख, आधी किती दिवस आजारी, तपासणी झाली का, झाली असल्यास कोणत्या तारखेला.

शेवटचा रकाना बहुतेक जण सोडून देतात. कोरोनात तोच कुटुंबांना नडला. २०२१ च्या केंद्राच्या सूचनांनुसार तपासणीपासून ३० दिवसांत झालेला मृत्यू, घरी झाला तरी, कोरोनाचा धरायचा होता, आणि ५०,००० रुपयांचं सानुग्रह सहाय्य त्याच्याशीच जोडलेलं होतं. तारीख सापडली नाही की अर्ज अडायचा.

‘राहण्याचं गाव’ आधारकार्डावरून उतरवू नका. पुण्यात कामाला असलेल्या पोराच्या आधारवर गावचाच पत्ता असतो. आजारी पडण्याआधीचे १४ दिवस तो ज्या गावात झोपला, ते त्याचं गाव. दोन ठिकाणी राहिला असेल तर जास्त रात्री जिथे काढल्या ते.

एकाच आलेखात चार तारखा कालवणे

लक्षणं सुरू झाल्याची, नमुना घेतल्याची, अहवाल आल्याची आणि सरकारी पोर्टलवर चढवल्याची अशा चार तारखा असतात. बहुतेक वह्यांत ‘तारीख’ एवढाच रकाना असतो आणि ज्याला जी सुचेल ती तो लिहितो. प्रयोगशाळेत नमुने तुंबले की अहवाल उशिरा येतात. मग अहवालाच्या तारखेने काढलेला आलेख साथीचा जोर पुढच्या आठवड्यात दाखवतो. तोवर जोर ओसरूही लागलेला असतो. रुग्णांसाठी लक्षणांची तारीख धरा, ती नसेल तर नमुन्याची. मृत्यूसाठी प्रत्यक्ष मृत्यूची तारीख धरा, नोंदणीची नाही. घरच्या मृत्यूची नोंद करायला कायद्याने २१ दिवस मिळतात, आणि प्रत्यक्षात त्याहून जास्त लागतात.

जुन्या नोंदी एकदम जोडल्या की काय होतं, ते बिहारमध्ये दिसलं. ९ जून २०२१ ला तिथे मागचे ३,९५१ मृत्यू एका दिवसात चढवले गेले. आलेखात त्या दिवशी सुळका उभा राहिला, पण ती माणसं त्याआधीच गेलेली होती. जुनी नोंद सापडली की ती तिच्या मूळ तारखेला लिहा.

शेवटच्या आठ-दहा दिवसांचे आकडे नेहमीच अपुरे असतात. तेवढा भाग पेन्सिलीने काढा. त्यातला उतार बघून ‘साथ ओसरली’ म्हणून आठवडी बाजार उघडायला सांगू नका. रविवारी नमुने कमी घेतले जातात, त्यामुळे एकेका दिवसाऐवजी सात दिवसांची सरासरी बघा.

किती तपासले, हे न लिहिणे

समजा एका आठवड्यात तालुक्यात ४२० जणांची तपासणी झाली आणि ६३ बाधित निघाले. पुढच्या आठवड्यात किट संपल्या, १४० तपासले, ३५ निघाले. रुग्ण जवळपास निम्म्यावर आले, गावात हायसं वाटलं. पण बाधितांचं प्रमाण १५ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर गेलंय. बाधितांशेजारी तपासलेल्यांचा आकडा नसेल तर ही वाढ कुणाच्या लक्षातच येत नाही.

अँटिजेन आणि आरटीपीसीआर यांची टक्केवारी वेगळी काढा. कोरोनात लक्षणं असून अँटिजेन निगेटिव्ह आली तर आरटीपीसीआर करायची असायची, त्यामुळे एकच माणूस दोनदा यायचा. मोजायचा माणूस, नमुना नव्हे.

एका गावावरून निष्कर्ष काढणे

महाराष्ट्रात वर्षाला दर हजारी साधारण ५ ते ६ मृत्यू होतात. १,६०० वस्तीच्या गावात म्हणजे वर्षाला आठ-नऊ. एका महिन्यात तीन झाले तर तो योगायोगही असू शकतो. तीस हजार वस्तीच्या पीएचसीत महिन्याला तेरा-चौदा अपेक्षित असतात. तिथे तीस झाले तर काहीतरी घडतंय. म्हणून गावं वेगळी लिहा, पण निष्कर्ष पीएचसीचा काढा.

तुलना त्याच महिन्याशी करा. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५ च्या वर जातो, म्हातारी माणसं उन्हानेही जातात. पावसाळा सरता सरता डेंग्यू आणि स्क्रब टायफस असतो. मे २०२१ ताडून बघायचा तर २०१५ ते २०१९ च्या पाच मे महिन्यांच्या सरासरीशी. जानेवारीशी ताडून काही हाती लागत नाही.

एक्सेलमधली पडझड

पिंपरी, बोरगाव, वडगाव ही नावं तालुक्या-तालुक्यात आहेत, वर खुर्द-बुद्रुकची भर. नावाशेजारी जनगणनेचा सहा अंकी गावकोड लिहा. तेरा अंकी एसआरएफ क्रमांक (नमुन्यासोबतच्या फॉर्मचा क्रमांक) टाकण्याआधी तो रकाना ‘टेक्स्ट’ करून घ्या, नाहीतर एक्सेल त्याचं मधेच ‘ई’ असलेलं भलतंच रूप दाखवतं. ०४-०५ म्हणजे ४ मे की ५ एप्रिल, हा वाद नको असेल तर महिना अक्षरात लिहा. हसू नका, इंग्लंडमध्ये २०२० साली जुन्या एक्सेल फाइलची ओळींची मर्यादा संपली म्हणून १५,८४१ रुग्ण वेळेवर मोजले गेले नव्हते.

नावांची यादी गावच्या ग्रुपवर

टाकू नका. एकदा नाव फिरलं की पुढचा ताप अंगावर काढला जातो, आणि तुमची वही कोरी पडते. नावं एका रजिस्टरात, तेही आरोग्य उपकेंद्रात; बाकी सगळीकडे फक्त अनुक्रमांक.

कोरा रकाना आणि शून्य

हे दोन एक नाहीत. घरभेट झाली आणि कुणी आजारी नव्हतं, तरच ० लिहा. नाल्याला पूर होता आणि आशाताई पलीकडच्या पोडावर (आदिवासी वस्तीवर) पोहोचल्याच नाहीत, तर ‘भेट नाही’ लिहा, आणि त्या आठवड्याची टक्केवारी काढताना त्या पोडाची लोकसंख्याही वजा करा.