रणगाडा मोडतो तो वळताना: बागेत मोठे आरसी रणगाडे चालवणाऱ्यांनो, या चुका टाळा

मागच्या रविवारी शेजारचा मुलगा कुंपणावरून ओरडला, "काका, तुमचा रणगाडा लंगडतोय!" बरोबर होतं त्याचं. माझा सेंच्युरियन, म्हणजे त्या ब्रिटिश रणगाड्याचं रिमोटवर चालणारं मॉडेल, पेरूच्या झाडाला वळसा घालताना दर वेळी डावीकडे अडखळत होता. मी आधी रिमोटचा ट्रिम (सरळ चालावा म्हणून मध्य किंचित सरकवायची कळ) फिरवून पाहिला, मग बॅटऱ्या बदलल्या, मग मोटरींना वीज मोजून देणाऱ्या कंट्रोलरला शिव्या घातल्या. तासाभरानं गुडघे टेकून खाली पाहिलं, तर डाव्या स्प्रॉकेटच्या, म्हणजे ट्रॅक ओढणाऱ्या दातेरी चाकाच्या, शाफ्टभोवती हराळी गुंडाळली जाऊन तिचा चांगला सुंभ वळला गेला होता. कात्रीनं कापला, दोन मिनिटांचं काम.

पुण्यात सहकारनगरात आमच्या जुन्या बंगल्यामागं थोडी मोकळी जागा आहे. तिथं माझे दोन रणगाडे चालतात. एक १/१६ स्केलचा, म्हणजे खऱ्याच्या सोळाव्या हिश्श्याएवढ्या लांबीचा, जर्मन टायगर, तयार आणलेला, चार-साडेचार किलोचा. दुसरा हा १/६ स्केलचा सेंच्युरियन, पोलादी पत्र्याचा, घरी बांधलेला, नव्वद किलोच्या आसपास. दोन्हींनी मला एकच गोष्ट शिकवली. मोटारीला वळणारी चाकं असतात, रणगाड्याला नसतात. एका बाजूचा ट्रॅक (चाकांभोवतीचा कड्यांचा पट्टा) हळू, दुसरा जोरात, आणि सगळं धूड जमिनीवर आडवं फरपटत फिरतं. सरळ जाताना जे वजन नुसतं चाकांवरून पुढं सरकतं, तेच वळताना घासत ओढावं लागतं. ट्रॅक पडणं, गिअरचे दात जाणं, फ्यूज उडणं, हे जवळजवळ सगळं त्या फिरकीतच होतं.

जागच्या जागी गरगर फिरवणं

पाहुणे आले की हात शिवशिवतो. एक ट्रॅक पुढं, एक मागं, आणि रणगाडा भोवऱ्यासारखा. फरशीवर खुशाल करा, हिरवळीवर नको. मी एकदा सेंच्युरियनला क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमटा धरून करंट मोजणारं यंत्र) लावून पाहिलं. (साधा क्लॅम्प मीटर फक्त एसी करंट दाखवतो, डीसी मोजणारा मागून घ्या, नाहीतर शून्य बघत बसाल.) पार्किंगच्या सिमेंटवर सरळ चालताना ८ अँपिअर, हिरवळीवर सरळ १५, आणि हिरवळीवर जागच्या जागी वळताना काटा ६० च्या वर. मोटर जवळजवळ अडकून उभी असते आणि करंट पीत राहते. त्या वेळी तापतात मोटरीतले कार्बनचे ब्रश, कंट्रोलर आणि वायरीचे जोड.

उपाय साधा आहे. रणगाडा चालता ठेवून मोठा वळसा घ्या. ट्रान्समीटरमध्ये, म्हणजे रिमोटमध्ये, वळणाच्या चॅनलचा रेट (काडी पूर्ण ढकलली तरी किती हुकूम जावा ते प्रमाण) ६० टक्क्यांवर आणून ठेवा, म्हणजे दिवाळीला भाच्यानं हातात रिमोट घेतला तरी चिंता नाही.

लहान रणगाड्यावर हात बसलेले लोक मोठ्यावर हमखास चुकतात ते इथंच. १/१६ वरून १/६ वर गेलात की लांबी पावणेतीन पटीच्या आत वाढते, पण त्याच बांधणीचं वजन १९ पट होतं. ट्रॅकचं जमिनीवर टेकणारं क्षेत्रफळ मात्र सातच पट. म्हणजे जमिनीवरचा दाबही पावणेतीन पट. टायगर ज्या गवतावर डाग न पाडता फिरतो, तिथंच सेंच्युरियन एका गिरकीत थाळीएवढी हिरवळ सोलून काढतो. घरात त्यावर जे ऐकावं लागलं ते इथं लिहीत नाही.

ट्रॅकचा झोळ

सायकलची चेन का पडायची ते आठवा. सैल झाली की पडायची, आणि फार ओढली की पेडल जड व्हायचं. ट्रॅकचं अगदी तसंच. नवशिका दोनदा ट्रॅक पडल्यावर वैतागून आयडलर, म्हणजे ट्रॅक ताणणारं दुसऱ्या टोकाचं चाक, बाहेर ओढतो आणि ट्रॅक तबल्याच्या वादीसारखा ताणतो. मग ट्रॅक पडत नाही, गिअरबॉक्स जातो.

सेंच्युरियनच्या वरच्या दोन रोलरांमध्ये ट्रॅक बोटानं दाबला तर एखादं बोटभर खाली गेला पाहिजे, असं मी ठेवतो. पण मोजायचं कधी, यात गोम आहे. सेंच्युरियनचा स्प्रॉकेट मागं असतो. पुढं जाताना खालची बाजू ताणली जाते आणि सगळा ढिलेपणा वर गोळा होतो. म्हणून तो दोन फूट पुढं नेऊन थांबवायचा आणि मग झोळ बघायचा. टायगरचा स्प्रॉकेट पुढं, त्याचं नेमकं उलटं, दोन फूट मागं घेऊन मग बघायचं. हे न कळल्यामुळं मी टायगरचे ट्रॅक वर्षभर चुकीचे लावत होतो.

प्रत्येक रणगाड्याचा झोळ वेगळा दिसतो, हेही ध्यानात ठेवा. सोव्हिएत टी-५५ ला वरचे रोलरच नाहीत, त्याचा ट्रॅक चाकांच्या पाठीवर टेकलेलाच शोभतो. डोळ्यांना सवय व्हावी म्हणून एकदा अहिल्यानगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम बघून या. १९९४ पासून आहे, पुण्याहून १२० किलोमीटर. विजयंता, व्हॅलेंटाइन, चर्चिल, सगळे हाताच्या अंतरावर उभे आहेत. लोक तोफेशेजारी उभं राहून फोटो काढतात, मी ट्रॅकच्या कड्या जोडणाऱ्या पिना बघत उकिडवा बसलो होतो.

आता माझी स्वतःची सगळ्यात महागडी चूक. पोलादी ट्रॅक करकरतात म्हणून मी एका हिवाळ्यात पिनांना मनापासून ग्रीस चोपडलं. आठवडाभर लोण्यासारखा चालला. मग त्या ग्रीसमध्ये बागेतली बारीक कच बसली आणि प्रत्येक सांध्यात पॉलिशपेपर घातल्यासारखं झालं. पावसाळ्यापर्यंत पिना मधोमध झिजून कमरेशी बारीक झाल्या, भोकं लांबुळकी झाली आणि ट्रॅक दोन कड्यांनी 'वाढला'. नव्या पिना भोसरीत लेथवर करून घेतल्या. तेव्हापासून ट्रॅक कोरडा. चालवून झालं की ब्रशनं झाडायचा, ओला असेल तर पुसून वाळवायचा. गंज दिसला तर तेलाचं फडकं फिरवायचं आणि लगेच कोरड्या फडक्यानं पुसून काढायचं. ग्रीस गिअरबॉक्सच्या आत, बंद डबीत, तिथंच शोभतं. कडी काढायची वेळ आली तर दोन्ही बाजूंची सारखी काढा, नाहीतर रणगाडा एका अंगाला ओढेल.

वापसा नसताना उतरवणं

शेतकरी पावसानंतर वापसा आल्याशिवाय रानात पाय टाकत नाही. आपणही टाकू नये. पुण्यातली काळी माती ओली असली की ट्रॅकच्या कड्यांत भरते, स्प्रॉकेटच्या दातांमागं गोळा होते आणि ट्रॅकला आतून उचलते. वळला की पडलाच. माती मुठीत दाबून सोडली आणि तिचा चिकट गोळा न राहता ती भुरभुरली, तर चालवा. मी मधला पट्टा मुरूम टाकून धुमसून घेतलाय, जून ते सप्टेंबर रणगाडे तिथंच.

टायगरवाल्यांना खडीचं वेगळं दुखणं. त्याची चाकं एकमेकांच्या आड बसवलेली असतात, फटीत खडा गेला की चाक अडकतं. खऱ्या टायगरच्या चाकांत रशियातला चिखल रात्री गोठून बसायचा. आपल्याकडं तेच काम पार्किंगमधली पाऊण इंची खडी करते. ठिबकच्या नळ्या मात्र आधीच मातीखाली घाला, हे सांगायला लागू नये.

लंगडणारा रणगाडा: आधी कुठं बघायचं

ट्रिमला हात लावू नका. ट्रिम म्हणजे दुखण्यावर पांघरूण. रणगाडा विटांवर चढवा, ट्रॅक अधांतरी ठेवा, वीज बंद करा आणि दोन्ही बाजू हातानं फिरवून बघा. एक बाजू जड लागली तर दोष यांत्रिक आहे: गवत, खडा, ट्रॅकचा ताण, बेअरिंग. दोन्ही सारख्या लागल्या तर विजेकडं वळा.

मग दोन मोटरींच्या वायरी कंट्रोलरवर अदलाबदल करून लावा. डावीची उजवीला, उजवीची डावीला. रणगाडा विटांवरच असू द्या, कारण वळणं आता उलटी होतील. आधी डावा ट्रॅक मंद होता आणि आता उजवा मंद झाला, तर मोटर निर्दोष, कंट्रोलरची ती बाजू गेली. डावाच मंद राहिला तर मोटर, तिचे ब्रश किंवा तिची वायर. पाच मिनिटांच्या या चाचणीनं माझे दोन कंट्रोलर विकत घ्यायचे वाचले.

व्हीलचेअरच्या मोटरी वापरत असाल तर एक जास्तीची तपासणी करा. मी माझ्या जुन्या बाजारातून आणल्या. मागच्या टोपणाखाली विजेवर सुटणारा ब्रेक असतो. करंट नसताना तो घट्ट धरलेला राहतो, म्हणून वरची हातानं फिरवायची चाचणी ब्रेक सोडवूनच करा. सुरक्षिततेसाठी तो चांगलाच, पण त्याची वायर निसटली की मोटर ब्रेकसकट ओढत राहते आणि वास येईपर्यंत कळत नाही.

आणि स्प्रॉकेटचा ग्रब स्क्रू, म्हणजे त्याला शाफ्टवर धरणारा बिनडोक्याचा स्क्रू. गोल शाफ्टवर नुसता आवळला तर वळणात घसरणारच. शाफ्टवर कानशीनं सपाट जागा करा, स्क्रू तिथं बसवा, निळं थ्रेडलॉक (स्क्रूचे आटे धरून ठेवणारा गोंद) लावा. प्लॅस्टिकच्या भागांवर मात्र थ्रेडलॉक नको, त्यानं प्लॅस्टिकला चिरा जातात.

बॅटरी

यावर भरपूर लिहिलं जातं, म्हणून थोडक्यात. लेड-ॲसिड बॅटरी रिकामी ठेवून गावाला जाऊ नका, आतल्या प्लेटांवर सल्फेट बसतं आणि ती पुन्हा भरत नाही. लिपो (लिथियम-पॉलिमर) असेल तर सेलमागं ३.३ व्होल्टला थांबा, ठेवताना ३.८ ला ठेवा, आणि चार्जिंगला लावून झोपू नका. फ्यूज बॅटरीच्या टोकापाशीच हवा, दोन फूट वायर गेल्यावर नव्हे. घरातल्या एसी विजेचा एमसीबी (आपोआप पडणारा खटका) तिथं बसवू नका, डीसीची ठिणगी तोडायला तो बनवलेला नाही. मोटारीचे मोठे फ्यूज आणि त्यांचे होल्डर मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतात.

रिमोट बंद केला म्हणजे रणगाडा थांबला, असं समजणं

सेंच्युरियन नवा होता. कुंड्यांच्या रांगेकडं निघाला, मी घाबरून रिमोटच बंद केला. रणगाडा तसाच पुढं. बायको ओट्यावरून, "अहो, तो बंद करा!" मी, "बंदच केलाय!" चार कुंड्या, एक शेवंती आणि कंपाउंडची भिंत. भिंतीला नाक लावून तो ट्रॅक फिरवत उभा होता आणि खाली खड्डा खणत होता.

रिसीव्हरचा (रणगाड्यातल्या, रिमोटचा सिग्नल घेणाऱ्या डबीचा) फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटल्यावर काय करायचं ती सेटिंग, 'शेवटची स्थिती धरून ठेव' असा लावलेला होता. सिग्नल तुटला तरी तो शेवटचा हुकूम पाळत राहतो. फेलसेफमध्ये दोन्ही मोटरी मध्यावर, म्हणजे थांबलेल्या, असं भरून घ्या. मग रणगाडा विटांवर ठेवून, ट्रॅक फिरत असताना मुद्दाम रिमोट बंद करा. ट्रॅक थांबले तरच जमिनीवर उतरवा. एरवी चालू करताना आधी रिमोट मग रणगाडा, बंद करताना आधी रणगाडा मग रिमोट. शिवाय मागच्या बाजूला हाताला लागेल असं लाल बटण बसवा, बॅटरीच तोडणारं. माझं आता इंजिनाच्या झाकणावर आहे. दिसायला विद्रूप आहे, असू दे.

सिग्नल वारंवार तुटत असेल तर अँटेना बघा. पोलादी हलमध्ये (रणगाड्याच्या धडात) कोंडलेली अँटेना २.४ गिगाहर्ट्झवर बहिरी होते. तिचं टोक प्लॅस्टिकच्या एखाद्या डब्यातून, सामानाच्या पेटीतून बाहेर काढा.

पावसाळ्यापूर्वी

पावसाळ्यात चालवायचा नसेल तर मे अखेरीला रणगाडा विटांवर चढवा, ट्रॅकवरचा भार काढा, बॅटऱ्या बाहेर काढून घरात ठेवा आणि लेड-ॲसिड असतील तर महिन्यातून एकदा चार्ज करा. चढवताना नव्वद किलो दोघांनी मडगार्डला धरून उचलू नका. मडगार्ड वाकतं, आणि कंबरही. फळी लावा, ढकला. धूर काढणाऱ्या यंत्रातलं तेल संपवून नव्हे, थोडं शिल्लक ठेवून बंद करा, कोरडी वात जळाली की ती बदलावीच लागते. आणि खऱ्या रणगाड्यांच्या अंगावर जशा ट्रॅकच्या सुट्या कड्या टांगलेल्या असतात, तशा आपल्याही टांगा. त्या शोभेच्या नसाव्यात, खरोखर बसणाऱ्या असाव्यात. माझ्या सेंच्युरियनवर तीन आहेत, आणि पिना बुर्जामागच्या पेटीत, काडेपेटीत घालून.