थकबाकीदाराच्या फ्लॅटचा लिलाव: आधी कोणाला, कधी आणि कसे कळवायचे

सोसायटीची देणी वर्षानुवर्षे थकली, वसुलीचा दाखला (थकबाकी वसूल करण्याचा सहकार खात्याच्या निबंधकांचा आदेश) मिळाला आणि शेवटी फ्लॅट लिलावात काढायची वेळ आली, की समितीचे सगळे लक्ष बोलीच्या दिवसाकडे लागते. माझ्या मते लिलाव टिकतो की रद्द होतो, हे त्या आधीच्या पत्रव्यवहारावर ठरते. एक नोटीस चुकीच्या पत्त्यावर गेली, एक जाहीरनामा उशिरा लागला, तरी थकबाकीदाराला पुढे हरकत घ्यायला जागा मिळते. शिवाय कोणाचे तरी घर विकले जात असते. त्या माणसाला वेळेवर आणि स्पष्ट कळणे हा त्याचा हक्कच आहे.

आधी हे समजून घ्या

समिती स्वतः लिलाव करू शकत नाही. पूर्वी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळत असे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर गृहनिर्माण संस्थांसाठी तो कलम १५४ब-२९ खाली निबंधक देतात. अंमलबजावणीचे अधिकार कलम १५६ प्रमाणे वसुली अधिकाऱ्याकडे असतात आणि सगळी पद्धत महाराष्ट्र सहकारी संस्था नियम, १९६१ मधील नियम १०७ मध्ये दिलेली आहे. समितीचे काम अचूक माहिती देणे, खर्च भरणे आणि प्रत्येक कागदाची पोच जपून ठेवणे एवढेच. सचिवाने स्वतःच्या सहीने ‘लिलाव आहे’ असा कागद नोटीस बोर्डावर लावला, तर त्याला कायद्याने काही अर्थ नाही.

१. मागणी नोटीस

वसुली दाखल्यासह अर्ज गेला की अधिकारी मागणी नोटीस काढतो. तीत थकबाकीदाराचे नाव, खर्चासह रक्कम, भरण्याची मुदत आणि न भरल्यास कोणती मालमत्ता जप्त होऊन विकली जाईल, हे सगळे लागते. रक्कम खातेवहीशी रुपयाला रुपया जुळलीच पाहिजे. व्याज उपविधीत आणि सर्वसाधारण सभेच्या ठरावात असेल तेवढेच लावा. आदर्श उपविधीत कमाल मर्यादा सरळव्याजाने २१ टक्के आहे आणि चक्रवाढ लावलेली बिले हमखास अंगाशी येतात.

सर्वांत जास्त चुका नोटीस बजावण्यात होतात, म्हणून इथे घाई नको. सभासद वारला असेल तर नोटीस वारसांच्या नावे निघायला हवी. फ्लॅट संयुक्त नावावर असेल तर प्रत्येक सहमालकाला स्वतंत्र प्रत द्या. मालक दुबईत किंवा अमेरिकेत आणि फ्लॅट कुलूपबंद, हे मुंबई-पुण्यात नेहमीचेच झाले आहे. अशा वेळी सोसायटीच्या नोंदीतला परदेशातील पत्ता, ईमेल आणि इथल्या नातेवाइकांचा पत्ता अधिकाऱ्याला लेखी कळवा. कोणीच घेत नसेल तर नोटीस दारावर डकवतात. तेव्हा दोन पंचांसमोर पंचनामा करा आणि तारीख दिसेल असे फोटो काढा.

२. जप्ती, ताबा आणि बोजांचा शोध

मुदतीत पैसे आले नाहीत तर जप्ती होते. वर्तमानपत्रांत ‘नमुना झेड’ असे शीर्षक असलेल्या ताबा नोटिसा दिसतात, त्या याच टप्प्यावरच्या.

जप्तीचे पत्र दस्तनोंदणी करणाऱ्या दुय्यम निबंधक कार्यालयाला आणि महापालिकेच्या मालमत्ता कर विभागाला द्यायला सांगा. बोजाचा (फ्लॅटवरील कर्ज, तारण अशा दाव्यांचा) शोध जप्तीच्या आधीच्या निदान १२ वर्षांचा हवा. कर्ज असलेल्या बँकेला न विसरता कळवा आणि केंद्र सरकारच्या ‘सरसाई’ नोंदवहीतही तारण शोधा. बँकेचे तारण लपवून झालेली विक्री खरेदीदाराच्या गळ्यात पडते, कारण नियम १०७ खालची विक्री आधीच्या बोजांसहच होते. खरेदीदाराला हे बोलीच्या आधी माहीत असायला हवे.

३. किमान किमतीला मंजुरी

मान्यताप्राप्त मूल्यांकनकाराचा अहवाल घेऊन अपसेट प्राइसचा (ज्याखाली बोली स्वीकारत नाहीत त्या किमान किमतीचा) प्रस्ताव निबंधक कार्यालयाकडे मंजुरीला पाठवला जातो. अहवाल जुना असेल तर नवा करून घ्या. थकबाकीदाराला मूल्यांकन मान्य आहे का, हेही लेखी विचारलेले बरे. पुढचे निम्मे वाद तिथेच मिटतात.

४. लिलावाचा जाहीरनामा

हा या प्रक्रियेचा कणा आहे. वसुली अधिकाऱ्याच्या कार्यालयात आणि तालुका कार्यालयात तो लिलावाच्या किमान ३० दिवस आधी लागला पाहिजे. हे दिवस वसुली अधिकाऱ्याच्या कार्यालयात तो लागल्यापासून मोजतात. पत्र टाइप झाल्याची तारीख धरू नका. नियमात गावात दवंडी पिटण्याचीही तरतूद आहे: लिलावाच्या आधीचे सलग दोन दिवस आणि त्या दिवशी बोली सुरू होण्यापूर्वी. शहरात हे जुनाट वाटेल, पण नियमात आहे तोवर करून पंचनाम्यात नोंदवा.

थकबाकीदार आणि सोसायटी, दोघांनाही वेगळी सूचना जाते. जाहीरनाम्यात वेळ, ठिकाण, मालमत्तेचे वर्णन, बोजे, वसूल करायची रक्कम आणि किंमत ठरवायला लागणारी प्रत्येक बाब असावी. फ्लॅटमध्ये भाडेकरू असेल, पार्किंगबद्दल वाद असेल, इमारत पुनर्विकासात असेल, तर तसे स्पष्ट लिहा. एक मराठी आणि एक इंग्रजी दैनिकात जाहिरात दिली तर बोली लावणारे वाढतात आणि भाव चांगला मिळतो. तारीख बदलली तर ‘फोनवर सांगितले’ पुरत नाही. सगळ्यांना पुन्हा लेखी कळवायचे.

५. पोलीस ठाणे

नियम १०७ मधल्या जाहीरनाम्याचा हा भाग नाही, तरी करावे असे मी आग्रहाने सांगेन. आठवडाभर आधी स्थानिक पोलीस ठाण्याला दाखला, जाहीरनामा आणि वेळ कळवून बंदोबस्त मागा आणि अर्जावर आवक शिक्का घ्या. घरात वृद्ध किंवा लहान मुले राहत असतील तर पत्रात तसे नमूद करा.

लिलावानंतरच्या तारखा

विक्रीपूर्वी थकबाकीदाराने व्याज-खर्चासह पूर्ण रक्कम भरली तर लिलाव थांबतो आणि जप्ती उठते. हे त्याला शेवटच्या सूचनेत ठळक अक्षरांत सांगा. पैसे भरून घर वाचले तर तो सोसायटीच्याही फायद्याचा शेवट आहे.

बोली मंजूर झाली की खरेदीदार १५ टक्के रक्कम जागेवर आणि उरलेली १५ दिवसांत भरतो. विक्रीपासून ३० दिवसांत थकबाकीदार सर्व देणे आणि खरेदी किमतीच्या ५ टक्के जादा रक्कम जमा करून विक्री रद्द करून घेऊ शकतो. तेवढ्याच मुदतीत प्रसिद्धीतील किंवा विक्रीतील गंभीर अनियमितता, चूक वा फसवणूक दाखवूनही अर्ज करता येतो. अनियमिततेमुळे प्रत्यक्ष नुकसान झाल्याचे मात्र त्याला दाखवावे लागते. अशा अर्जाला उत्तर द्यायला तुमच्याकडची फाइलच कामी येते: बजावणीचे पंचनामे, डकवल्याचे फोटो, वर्तमानपत्राची मूळ पाने, आवक शिक्क्याच्या प्रती, सगळे तारीखवार लावलेले.

विक्री कायम झाल्यावर खरेदीदाराला विक्री दाखला मिळतो. सोसायटीचे देणे आणि खर्च वजा जाता उरलेली रक्कम मूळ मालकाची असते, आणि ती कधी व कुठून मिळेल हे त्याला कळवणारे पत्रही याच फाइलीत असले पाहिजे.