चुनखडीवरची जंगलमाती कशी ओळखावी

डोंगरातल्या जंगलात मी आधी पालापाचोळा बाजूला सारून खुरपं घालतो. वीतभर जायच्या आतच ते दगडावर खरखरलं, की अर्धं काम झालं. या मातीला ‘रेंडझिना’ म्हणतात. वरचा थर काळाभोर, रवाळ असतो. मुठीत दाबून सोडला की त्याचा भुगा होतो, लगदा नाही. चुन्यातलं कॅल्शियम कुजलेल्या पाल्याला चिकणमातीशी बांधून ठेवतं ना!

आता व्हिनेगरचे चार थेंब टाका, पण दगडालगतच्या मातीवर. वरचा चुना पावसाने बऱ्याचदा धुऊन गेलेला असतो. पहिल्यांदा मी वरच थेंब टाकले आणि वहीत ठासून लिहिलं, ‘चुना नाही’! दगडालगत थेंब टाकून कान जवळ न्या, बारीक फसफस ऐकू आली की चुना आहे. तिथला सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) बहुधा ७ ते ८ भरतो.