शोधनिबंधांची यादी करताय? या चुका टाळा

मी सोलापुरात एका ग्रंथालयात काम करतो. पदोन्नतीचे अर्ज निघाले की डॉक्टर, प्राध्यापक मंडळी पेनड्राइव्ह घेऊन येतात, तेही शेवटच्या दोन दिवसांत. "जरा यादी करून द्या की." जरा!

सगळ्यात जास्त घोळ नावाचा. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीत आडनाव आणि आद्याक्षरं एवढंच दिसतं. तिथे 'पाटील एस' शोधणं म्हणजे नव्या पेठेत उभं राहून "ओ मालक" अशी हाक मारणं. अख्खा रस्ता वळून बघतो.

एक बालरोगतज्ज्ञ मॅडम होत्या. लग्नानंतर पाटील झालेल्या. गुगल स्कॉलर या लेख शोधायच्या साइटवर प्रोफाइल काढताना 'नवे लेख आपोआप जोडा' यावर टिचकी मारली आणि वर्षभर तिकडे फिरकल्या नाहीत. मुलाखतीत परीक्षकांनी चष्मा वर करून विचारलं, "ज्वारीच्या खोडमाशीवर तुमचे चार लेख दिसतात. हे कधी केलंत?" ते काम कुण्या कृषिशास्त्रज्ञ पाटलांचं. त्यावर एच-इंडेक्सही (लेखांचे संदर्भ इतरांनी किती घेतले, यावरून निघणारा आकडा) फुगलेला. आणि माहेरच्या नावावरचे मॅडमचे स्वतःचे तीन चांगले लेख मात्र यादीत नाहीतच! माझ्यासमोर बसून म्हणाल्या, "अहो, मला चोर समजले ते." सगळं निस्तरायला आम्हाला चार संध्याकाळी लागल्या.

म्हणून ऑर्किड क्रमांक, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक, काढा. 16 अंकी असतो, फुकट मिळतो, 2012 पासून सुरू आहे. नाव बदललं तरी क्रमांक तोच राहतो. पहिला लेख पाठवायच्या आधीच काढा, निवृत्तीच्या आदल्या वर्षी नव्हे. गुगल स्कॉलरला 'आधी मला विचार' असं सांगून ठेवा. मी स्वतः अजून एक आडवी वही ठेवतो. लेखावर नाव जसं छापलंय अगदी तसं, वर्ष आणि डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक. पोरं हसतात. हसू देत. वहीला पासवर्ड लागत नाही.

'गुगल स्कॉलरवर दिसतो, म्हणजे इंडेक्स्ड आहे' हे ऐकून कान किटले. इंडेक्स्ड म्हणजे पबमेड, स्कोपस अशा निवडक सूचीत नोंद असलेला. तिथे सेमिनारचं पीडीएफही दिसतं.

इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे नियतकालिकातल्या लेखांचे सरासरी किती संदर्भ घेतले जातात तो आकडा, क्लॅरिव्हेट या कंपनीच्या यादीत बघा. नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर चमकणारे 'ग्लोबल' वगैरे आकडे मोजू नका.

पैसे घेऊन लेख छापणाऱ्यांची "48 तासांत स्वीकृती" अशी मेल आली की अधीर माणसाचा हात आधी यूपीआयकडे जातो. चांगल्या नियतकालिकांच्या हुबेहूब बनावट साइटही असतात, त्यामुळे मेलमधली लिंक मी कधीच उघडत नाही. स्कोपसच्या किंवा पबमेडच्या यादीत नियतकालिकाचं नाव आणि आयएसएसएन (त्याचा ओळख क्रमांक) जुळवतो आणि तिथूनच आत शिरतो. पाच मिनिटांचं काम. पण शॉर्टकटवाल्यांना तेवढीच पाच मिनिटं नसतात.

संदर्भात घेतलेला लेख छापून झाल्यावर मागे घेतलेला, म्हणजे रद्द झालेला नाही ना, तेही बघा. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन या औषधावरचा 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातला लेख 22 मे 2020 ला आला आणि 4 जूनला मागे घेतला गेला. तेराव्या दिवशीच तेरावं! तरी मी एका प्रबंधाच्या संदर्भांत तो धडधाकट पाहिलाय.

आणि एक विनंती. यादी वर्डमध्ये आणा. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवलात, तर त्या डीओआयमधलं शून्य कुठलं आणि ओ कुठला, ते मला कळत नाही.